सहा ठिपक्यांचं नोट्स ॲप: लुई ब्रेलची गोष्ट

समजा, तुमच्या फोनमधून कीबोर्ड काढून टाकला. व्हिडिओ चालतील, पीडीएफ उघडेल, बातम्याही वाचता येतील. पण मेसेजला उत्तर देता येणार नाही, लेक्चरमधली एक ओळ टिपून ठेवता येणार नाही, दुकानात जाताना साधी यादीही करता येणार नाही. असा फोन तुम्ही किती दिवस वापराल?

अंध व्यक्तींसाठी बनलेल्या बऱ्याच छोट्या वाचन-यंत्रांची हीच अडचण असते. बॅगेत टाकून नेता येईल अशा यंत्रात शेकडो पुस्तकं मावतात, ती ऐकता येतात किंवा बोटांनी वाचता येतात. पण वाचता वाचता चार शब्द लिहून ठेवायचे म्हटलं की दुसरं काहीतरी शोधावं लागतं. म्हणूनच अशा यंत्रांमध्ये ब्रेलमधून नोट्स घेण्याची सोय असावी, ही मागणी पुन्हा पुन्हा होते.

गंमत म्हणजे हा वाद जवळपास २०० वर्षं जुना आहे. तो पॅरिसमधल्या एका शाळेत सुरू झाला आणि त्याचं उत्तर एका १५ वर्षांच्या मुलानं शोधलं. त्याचं नाव लुई ब्रेल. ब्रेलनं अंधांना वाचायला लिपी दिली हे आपण शाळेत शिकतो. पण ते अर्धंच खरं आहे. वाचायची सोय त्याच्या आधीही होती. त्यानं दिली ती लिहायची सोय.

खोगीर बनवणाऱ्याचा मुलगा

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधल्या कूव्रे या गावी झाला. हे गाव पॅरिसच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर आहे. वडील सिमाँ-रने ब्रेल घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवायचे. घरातच कारखाना, त्यामुळे चामडं कापायची आणि भोकं पाडायची धारदार हत्यारं कायम हाताशी.

लुई ३ वर्षांचा असताना त्यातलंच एक टोकदार हत्यार हातात घेऊन खेळत होता. ते निसटून त्याच्या डोळ्यात घुसलं. जखमेत संसर्ग झाला, तो दुसऱ्या डोळ्यापर्यंत पोहोचला. अँटिबायोटिकचा शोध लागायला अजून शंभराहून जास्त वर्षं होती. पाचव्या वर्षापर्यंत लुईला दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसेनासं झालं.

त्या काळी अंध मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा भीक मागणं किंवा अंगमेहनतीचं एखादं काम यायचं. लुईच्या आईवडिलांनी तसं होऊ दिलं नाही. गावच्या पाद्रींनी त्याला शिकवलं, मग तो गावच्याच शाळेत डोळस मुलांबरोबर बसू लागला. वडिलांनी लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकार केले आणि बोट फिरवून त्याला ती ओळखायला शिकवलं, असं सांगतात. पोरगा हुशार होता, नुसतं ऐकून लक्षात ठेवायचा. पण बाकीची मुलं पुस्तक उघडून लिहायला लागली की याचं शिक्षण तिथेच थांबायचं.

शेवटी १५ फेब्रुवारी १८१९ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, तो पॅरिसमधल्या अंध मुलांच्या राजकीय शाळेत दाखल झाला.

वाचता येतं, पण लिहिता येत नाही

ही शाळा व्हॅलेंटिन हाउई या डोळस गृहस्थांनी १७८० च्या दशकात सुरू केली होती. अंध मुलंही वाचू शकतात, हे त्यांनी जगाला दाखवून दिलं. त्यांची युक्ती सरळ होती. नेहमीचीच अक्षरं मोठी करायची आणि ओल्या जाड कागदावर दाबून उठावदार छापायची. मुलांनी अक्षराच्या कडेकडेनं बोट फिरवायचं आणि अक्षर ओळखायचं.

त्या काळाच्या मानानं हे मोठंच पाऊल होतं. पण वापरायला बसलं की अडचणी दिसायच्या. अक्षरं मोठी, म्हणून पानं मोठी. पानं जाड, म्हणून पुस्तकं प्रचंड जड. एकेक अक्षर चाचपत वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायची वेळ यायची. छपाई महाग, त्यामुळे पुस्तकंही मोजकीच.

सगळ्यात मोठी अडचण वेगळीच होती. या पद्धतीत हातानं लिहिता येत नव्हतं. उठावदार अक्षर उमटवायला धातूचे खिळे जुळवायचे, कागद ओला करायचा, दाब द्यायचा, म्हणजे छापखानाच हवा. वर्गात बसलेल्या मुलाला शिक्षकाचं एक वाक्य टिपून घ्यायचं असेल तर काही मार्गच नव्हता. आजच्या भाषेत सांगायचं तर शाळेची सगळी सिस्टीम रीड-ओन्ली होती. काय वाचायचं हे छापणारा ठरवणार, मुलांनी फक्त ते वाचायचं.

असं का झालं असेल? कारण ती अक्षरं डोळस माणसाच्या सोयीची होती. शिक्षकांना ती दिसत होती, ओळखता येत होती. बोटाला काय सोपं जातं, हा विचार कुणी केलाच नव्हता.

बार्बिएचे १२ ठिपके

१८२१ मध्ये शार्ल बार्बिए हे सैन्यात तोफखान्यात काम केलेले गृहस्थ आपली एक पद्धत घेऊन शाळेत आले. अंधारातही वाचता येईल असं लेखन, अशी या पद्धतीची ओळख होती. तिच्यात अक्षरांचे आकार नव्हतेच. होते फक्त कागदावर उठवलेले ठिपके.

कल्पना मोठी मजेदार होती. फ्रेंच भाषेतले ३६ उच्चार ६ ओळी आणि ६ स्तंभांच्या तक्त्यात मांडायचे. मग प्रत्येक उच्चारासाठी दोन आकडे द्यायचे, कितवी ओळ आणि कितवा स्तंभ. एक्सेलमध्ये प्रत्येक खान्याला पत्ता असतो ना, तसंच. डावीकडच्या ठिपक्यांची संख्या म्हणजे ओळ, उजवीकडच्यांची संख्या म्हणजे स्तंभ. म्हणजे एका उच्चारासाठी जास्तीत जास्त १२ ठिपके.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बार्बिएंनी लिहायचं साधनही आणलं होतं. खाचा असलेली पाटी, त्यावर कागद आणि ठिपका उठवायला टोचणी. छापखाना नको, ओला कागद नको. मुलं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं लिहून स्वतःच्या बोटांनी वाचू लागली.

पण लुईला त्यातल्या उणिवा लगेच जाणवल्या. तो तेव्हा १२ वर्षांचा होता. १२ ठिपक्यांचा मनोरा एका बोटाखाली मावत नाही, बोट वर-खाली फिरवून ठिपके मोजावे लागतात. शिवाय पद्धत उच्चारांवर चालणारी, त्यामुळे स्पेलिंग शिकायची सोय नाही. विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत, संगीताची चिन्हं नाहीत. निरोप द्यायला हे पुरेसं होतं, पण गणित सोडवायला किंवा व्याकरण शिकायला नाही.

१२ चे ६ कसे झाले?

पुढची तीन वर्षं लुई दिवसा शाळा आणि रात्री टोचणी-कागद घेऊन बसायचा. सुट्टीत गावी गेला तरी तेच. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत बरीचशी तयार झाली होती.

त्यानं ठिपके निम्म्यावर आणले. दोन स्तंभ, प्रत्येकात तीन ठिपके. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. या सहा ठिपक्यांच्या चौकटीला सेल म्हणतात. हा सेल बोटाच्या टोकाखाली एका स्पर्शात मावतो. मोजायला लागत नाही, आकार एकदम कळतो.

प्रत्येक ठिपका असतो किंवा नसतो, म्हणजे दोन शक्यता. सहा ठिपक्यांच्या मिळून २ चा सहावा घात, म्हणजे ६४ शक्यता. त्यातली एक रिकामी जागा सोडली तर ६३ चिन्हं उरतात. कॉम्प्युटरचं ०-१ चं गणित तुम्हाला माहीत असेल तर ही ओळखीची गोष्ट वाटेल. एक ब्रेल सेल म्हणजे सहा बिटचा कोडच.

पाठांतर कमी व्हावं याचाही विचार त्यानं केला. ए ते जे ही पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार ठिपक्यांत बसवली. पुढच्या दहा अक्षरांसाठी तेच आकार घेऊन खाली ३ नंबरचा ठिपका जोडला. त्यापुढच्यांसाठी ३ आणि ६ हे दोन्ही जोडले. म्हणजे ए साठी ठिपका १, के साठी १ आणि ३, यू साठी १, ३ आणि ६. आकड्यांसाठी वेगळी चिन्हं शोधत बसायची गरज नाही. आधी अंकाची खूण द्यायची आणि मग ए ते जे हेच १ ते ९ आणि ० होतात. फोनच्या कीबोर्डवर एक बटण दाबलं की अक्षरांच्या जागी आकडे येतात, तसंच हे.

पुस्तकाच्या नावातच ‘लेखन’

१८२९ मध्ये, विसाव्या वर्षी, लुईनं आपली पद्धत पुस्तकरूपात मांडली. त्याच्या लांबलचक नावाचा अर्थ साधारण असा: अंधांसाठी ठिपक्यांच्या मदतीनं शब्द, संगीत आणि चर्चमधलं गायन लिहिण्याची पद्धत. नीट पाहा, नावात वाचन हा शब्दच नाही, लेखन आहे. आपण नेमकं काय बनवलंय हे त्याला पक्कं माहीत होतं. ही कल्पना बार्बिएंच्या पद्धतीवरून सुचली, हेही त्यानं प्रस्तावनेत मोकळेपणानं मान्य केलं.

पहिल्या आवृत्तीत ठिपक्यांबरोबर छोट्या आडव्या रेघाही होत्या. पाटी-टोचणीनं रेघ काढणं अवघड जायचं. म्हणून १८३७ च्या सुधारित आवृत्तीत त्या काढून टाकल्या आणि फक्त ठिपके राहिले. लिहिणाऱ्याचा हात जिथे अडखळतो तिथे डिझाइन बदलायचं, ही त्याची रीत होती.

तोपर्यंत लुई त्याच शाळेत शिक्षक झाला होता. तो पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनही वाजवायचा. स्वतः संगीतकार असल्यामुळे संगीताची चिन्हं सहा ठिपक्यांत बसवणं हे त्याच्यासाठी रोजच्या गरजेचं काम होतं.

घरच्यांना पत्र कसं लिहायचं?

इथे नवा प्रश्न आला. अंध मुलं एकमेकांना ठिपक्यांत पत्रं लिहू लागली, पण गावाकडच्या आईला ठिपके कुठे वाचता येतात?

१८३९ मध्ये लुईनं यावरही उपाय काढला. नेहमीच्या अक्षराचाच आकार ठिपक्यांनी उठवायचा. त्यासाठी दहा ठिपक्यांच्या उंचीची जाळी घ्यायची आणि प्रत्येक अक्षरासाठी कुठले ठिपके टोचायचे याचे आकडे पाठ करायचे. डोळस माणसाला तयार झालेलं अक्षर सरळ दिसायचं. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची बिलं पाहिली असतील तर अंदाज येईल.

पण एकेक ठिपका टोचायचा म्हणजे फार वेळखाऊ काम. तेव्हा त्याचा अंध मित्र पिएर फुको यानं यासाठी यंत्र बनवलं. १० दट्ट्यांचं हे यंत्र राफिग्राफ नावानं ओळखलं जातं. आता अंध व्यक्ती कुणाच्याही मदतीशिवाय डोळस व्यक्तीला पत्र लिहू शकत होती. बाजारात टाइपरायटर यायला अजून बरीच वर्षं होती.

बंदी आली, पण लिहिणं थांबलं नाही

एवढं सगळं होऊनही शाळेनं ब्रेलला अधिकृत मान्यता दिली नव्हती. आधीचे संचालक पिन्ये यांचा लुईला पाठिंबा होता. १८४० मध्ये त्यांना बाजूला करून द्युफो संचालक झाले. त्यांना ठिपके पसंत नव्हते. अंधांची लिपी डोळसांपेक्षा वेगळी असेल तर ते समाजापासून तुटतील, असा त्या काळी अनेक शिक्षकांचा युक्तिवाद होता. शाळेत पुन्हा नव्या धर्तीची उठावदार अक्षरं आली आणि ठिपके वर्गाबाहेर गेले.

मुलांनी मात्र ऐकलं नाही. ती लपूनछपून ठिपक्यांत लिहीत राहिली. हे शक्य झालं कारण या लिपीला छापखाना लागत नव्हता. उठावदार अक्षरांची पुस्तकं बंद करायची तर छपाई थांबवली की काम झालं. पण पाटी आणि टोचणी प्रत्येकाच्या खिशात होती. प्रत्येक वाचणारा हा लिहिणाराही होता. अशी गोष्ट वरून हुकूम काढून बंद पडत नाही.

उपसंचालक जोसेफ ग्वादे हे सगळं पाहत होते. त्यांनीच द्युफोंचं मन वळवलं. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा पाहुण्यांसमोर ब्रेल पद्धतीचं प्रात्यक्षिक झालं. सांगितलेला मजकूर एका विद्यार्थ्यानं ठिपक्यांत लिहिला आणि दुसऱ्यानं तो वाचून दाखवला. वीस वर्षं जे सांगून पटत नव्हतं, ते काही मिनिटांत पटलं.

लुईची तब्येत मात्र १८३५ च्या सुमारापासूनच ढासळत गेली होती. त्याला क्षयरोग होता. ६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, तो गेला. शाळेनं त्याची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. १८७८ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं तिला पसंती दिली. १९५२ मध्ये त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानानं हलवण्यात आले. हात मात्र कूव्रे गावानं आपल्याकडेच ठेवले.

पाटीपासून सहा बटणांपर्यंत

पाटी-टोचणीत एक कटकट आहे. ठिपका कागदाच्या मागच्या बाजूनं टोचावा लागतो, म्हणून उजवीकडून डावीकडे आणि उलट्या आकारात लिहावं लागतं. शिवाय एकेक ठिपका वेगळा. १८९२ मध्ये अमेरिकेत फ्रँक हॉल यांनी सहा कळांचं ब्रेल टंकयंत्र बनवलं. एका ठिपक्याला एक कळ, हव्या त्या कळा एकदम दाबल्या की पूर्ण अक्षर तयार. १९५१ मध्ये आलेला पर्किन्स ब्रेलर याच तत्त्वावर चालतो आणि अंधशाळांमध्ये तो आजही दिसतो.

मग ही सहा बटणं इलेक्ट्रॉनिक झाली. १९८७ मध्ये आलेलं ब्रेल एन स्पीक हे छोटंसं यंत्र सहा बटणं आणि स्पेस यांवर लिहून घ्यायचं आणि लिहिलेलं बोलून दाखवायचं. आजच्या ऑर्बिट रीडर २० सारख्या यंत्रात २० सेलची एक ओळ असते. सेलमधले बारीक खिळे वर-खाली होतात आणि पुढची ओळ बोटाखाली तयार होते. त्यावर पुस्तकही वाचता येतं आणि नोट्सही लिहिता येतात.

आता एक हिशेब पाहा. अशा यंत्रात सगळ्यात महाग भाग म्हणजे वर-खाली होणारे खिळे. त्यामानानं सहा बटणं फारच स्वस्त. म्हणजे वाचायचं यंत्र एकदा बनवलं की लिहायची सोय जोडायला लागतं ते मुख्यतः सॉफ्टवेअर: मजकूर सेव्ह करणं, कर्सर कुठे आहे हे बोटाला कळवणं, मधलाच शब्द खोडता येणं. कर्सर दाखवायला आजच्या सेलमध्ये सहाच्या खाली ७ आणि ८ नंबरचे दोन जादा ठिपके असतात.

आणि लुईचा १८३९ चा प्रश्नही आहेच. ठिपक्यांत लिहिलेलं समोरच्याला नेहमीच्या अक्षरांत दिसलं पाहिजे. आज हे काम भाषांतर करणारी सॉफ्टवेअर करतात. त्यातल्या एका मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअरचं नाव लिबलुई आहे. हे नाव लुईच्याच आठवणीत ठेवलंय. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर तेच वापरतो.

पण बोलून टाइप करता येतं की!

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. व्हॉइस टायपिंग छानच आहे, पण वर्गात शिक्षक बोलत असताना तुम्ही मोठ्यानं बोलू शकता का? बसमध्ये पासवर्ड सांगाल का? बोललेल्या वाक्यातलं ऱ्हस्व-दीर्घ बरोबर उमटलं का, हे बोटाखाली अक्षर असल्याशिवाय कळतं का? ऐकून शिकलेली भाषा आणि लिहून शिकलेली भाषा यांत फरक पडतो. लुईनं उच्चारांची पद्धत सोडून स्पेलिंगची पद्धत घेतली ती याचसाठी.

मराठीसाठी हे आणखी महत्त्वाचं आहे. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरलं, मराठी ब्रेल त्याचाच भाग आहे. ठिपके तेच सहा, क साठी तेच १ आणि ३. फरक मात्रांचा. किरण लिहायचं तर आधी क, मग इ, मग र, मग ण. आपण कागदावर पहिली वेलांटी क च्या आधी काढतो, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. याच लिपीत स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी पाक्षिक सुरू केलं.

तुमच्याच फोनमध्ये बघा

ब्रेलमधून लिहायला आता वेगळं यंत्र असायलाच हवं असंही नाही. आयफोनमध्ये २०१४ पासून आणि अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये २०२० पासून ब्रेल कीबोर्ड आहे. फोन आडवा धरायचा, स्क्रीन समोरच्या दिशेला, आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटं काचेवर. सहा बोटं म्हणजे सहा ठिपके. स्पेस आणि डिलीट बोट सरकवून.

तुम्हाला करून बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडून टॉकबॅक शोधा. एक सूचना आधीच: टॉकबॅक चालू झाल्यावर एका टॅपनं काहीच उघडत नाही. एकदा टॅप केल्यावर फोन नाव वाचतो आणि दोनदा टॅप केल्यावर उघडतो. बंद करतानाही हेच लक्षात ठेवा, नाहीतर फोन बिघडला असं वाटेल.

तुमच्यापैकी काहीजण पुढे ॲप बनवतील, काही हार्डवेअर. अंधांसाठी काही बनवताना ते वाचून कसं दाखवायचं याचा विचार सगळेच करतात. लुई ब्रेलच्या शाळेतल्या मोठ्या माणसांनीही केला होता. त्यापुढचा प्रश्न विचारा: हातात घेणाऱ्याला यावर स्वतःचं काही लिहिता येईल का? उत्तर नाही असेल, तर आपण अजून १८२१ च्या आधीच्या वर्गात बसलोय असं समजा.